मागची दोन चाकं

"हे चाक फिरव," सयाजी म्हणाला.

जीप अंगणात मागून उचललेली होती. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वीतभर वर, खाली जॅक आणि आधाराला लाकडाचे ठोकळे. माझे हात पिठाचे होते. ते तसेच पदराला पुसून मी डावं चाक धरलं आणि पुढं फिरवलं.

"आता पल्याडचं बघ."

मी वाकून बघितलं. उजवं चाक उलटं, मागच्या दिशेनं फिरत होतं.

"अगं बया! हे असं कसं?"

"हीच तर गंमत हाय." सयाजी गाडीखालून बाहेर आला. तोंडाला काळं, पण डोळे असे चमकत होते की लग्नातसुद्धा मी ते तसे बघितले नव्हते. "ह्या दोन चाकांच्या मधी ह्यो लोखंडी गोळा हाय न्हवं, त्याच्या पोटात दाती चाकं असत्यात. वळणावर भाईरच्या चाकाला जास्ती पळाय लागतंय, आतल्याला कमी. ह्यो गोळा दोघास्नी आपापल्या परीनं पळू देतोय. म्हणून गाडी वळती."

"मग चांगलंच हाय की."

"रस्त्यावर चांगलं. चिखलात एक चाक घसरलं की ते एकटंच गरागरा फिरतंय, आन् दुसरं गप उभं ऱ्हातंय. गाडी हालत न्हाई. म्हणून ती आतली दाती चाकं वेल्डिंग मारून एक करायची. मग दोन्ही चाकं एका जुवाला. फिरली तर दोन्ही फिरणार."

"आन् वळताना?"

"शर्यतीत रस्ता कुठं असतोय?"

"सोमवारी असतोय," मी म्हणाले.

तो हसला. गोठ्याच्या भिंतीशी एक दुसरा गोळा पडला होता, गंज चढलेला. "ह्यो भंगारातनं आणलाय. वेल्डिंग ह्याला मारायचं आन् शर्यतीपुरता बसवायचा. आण्णांचा गोळा पोत्यात घालून ठेवणार. रविवारी शर्यत झाली की परत जाग्यावर. तयार मिळतंय बटनाचं, दाबलं की बांधलं, सोडलं की मोकळं. पण ते बड्या लोकांचं काम."

सयाजी माझा नवरा. जीप मात्र त्याची नव्हती. ती माझ्या सासऱ्यांची. सयाजी त्यांना आण्णा म्हणायचा, मी मामा. आमचं गाव घाटाच्या तोंडाशी. तिथून मलकापूरपर्यंत मामा वडाप करायचे, भाडं घेऊन माणसं ने-आण करायचे. एस.टी. यायची तेव्हा यायची, मामांची जीप मात्र रोज सकाळी स्टँडच्या वडाखाली उभी असायचीच. माणसं त्यांना ज्ञानू पोवार म्हणत नसत, ज्ञानू डायव्हर म्हणत. सगळे वडापवाले माणसं कोंबायचे, टपावर बसवायचे, पैजा लावून घाट उतरायचे. मामा तसलं काही करत नसत. पोरीचे दिवस भरत आले की तिची आई दुसरी गाडी सोडून द्यायची आणि ज्ञानू डायव्हरची वाट बघत बसायची. मामांची सगळी मिळकत म्हणजे हे नाव. शेत ओढ्यात गेलेलं, घर पत्र्याचं.

ते रोज निघायच्या आधी हातात काठी घेऊन जिपेला एक फेरी मारायचे आणि चारी टायरवर काठी आपटून आवाज ऐकायचे. मग स्टिअरिंगला हात लावून तो हात कपाळाला. डाव्या बाजूची पुढची जागा सगुणामावशीची. ती मलकापुरात दही विकायची. मडकं दोन्ही पायांत धरून ती रोज तिथंच बसायची. भाड्याच्या पैशांवर मामांना ती वाटीभर दही द्यायची, आणि "गाडी हळू घे रं, माझं दही हिंदकळतंय" असा दम रोज भरायची.

सयाजीला माणसांची ने-आण करण्यात रस नव्हता. त्यानं कोंबड्या पाळून बघितल्या, त्या मेल्या. मोबाईलचं दुकान काढलं, ते बसलं. मग एकदा कोल्हापूरच्या बाहेर माळावर त्यानं चिखलादगडातनं गाड्या चढवायची ऑफरोडची स्पर्धा बघितली, आणि मामांची जीप आमच्या संसारात शिरली. मला मैत्रिणी विचारायच्या, सवत आली का गं? मी म्हणायचे, सवत बरी, ती निदान धुणी तरी धुईल.

त्यानं जीप हळूहळू बदलली. स्प्रिंगच्या पाट्यांना जादा पानं घालून ती उंच केली. चिखल धरणारे, खोल खाचांचे मोठे टायर आणले. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून हवेची नळी काचेच्या बाजूनं टपापर्यंत नेली. पुढं दोर गुंडाळायचं यंत्र बसवलं. मागचे बाक आधी वेल्डिंगचे होते, ते कापून नटबोल्टवर घेतले. शनिवारी संध्याकाळी बाक काढायचे, रविवारी रानात जायचं, संध्याकाळी जीप धुऊन बाक परत बसवायचे, कारण सोमवारी माणसं भरायची. जीप उंच झाल्यावर म्हाताऱ्यांना चढता येईना, तेव्हा मामांनी स्वतः मागं एक लोखंडी पायरी जोडून घेतली.

"आण्णा, ती पायरी दगडाला अडकती," सयाजी म्हणाला.

"मग रविवारी काढ आन् सोमवारी लाव," मामा म्हणाले. "माझी माणसं आधी."

असं बोलायचे, पण त्यांनी त्याला कशालाच नाही म्हटलं नाही. एकदा मला हळूच म्हणाले, "शालन, पोरगं पयल्यांदाच सकाळी आपणहून उठाय लागलंय. करू दे."

मलाही तसंच वाटत होतं. चिडचिड करत असले तरी त्याचे ते काळे हात मला आवडायला लागले होते, हे कशाला लपवू?

रविवारी सयाजीनं स्पर्धा मारली. शहरातल्या नव्याकोऱ्या गाड्या जिथं रुतल्या तिथून आमची वडापची जीप रांगत रांगत वर निघाली, असं त्याचे दोस्त सांगत होते. संध्याकाळी अंगणात गुलाल, बोनेटवर हार, हातात हा एवढा कप. मामा स्पर्धेला गेले नव्हते. गाडी चिखलात लोळताना बघवत नाही म्हणायचे. पण कप त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, देव्हाऱ्याशेजारी ठेवला, आणि येईल त्याला सांगत सुटले, "माझ्या जिपंवर आलाय. माझ्या पोरानं आणलाय." मी त्यांना इतकं बोलताना कधी बघितलं नव्हतं.

दोस्तांनी जीप धुतली, बाक बसवले, पायरी लावली. मी सगळ्यांना चहा देता देता सयाजीला विचारलं, "मामांचा गोळा बसवला का?"

"बसवला की. माळावरच. पोरं हुती मदतीला."

त्यानं माझ्याकडं बघूनच सांगितलं. मी कपबश्या उचलून आत गेले.

सोमवारी सकाळी भुरभुर पाऊस होता. मामांनी काठीनं टायर वाजवले, स्टिअरिंगला हात लावला आणि गेले. सयाजी झोपला होता. मी भांडी घासायला बसले, तोवर घाटाकडून एकजण मोटरसायकलवरून आला आणि रस्त्यावरूनच ओरडला, "ज्ञानू डायव्हरची जीप जांभळीच्या वळणावर कठड्याला गेली!"

सगुणामावशीचा डावा पाय पत्रा आणि कठडा यांच्यामधे सापडला होता. बाकीच्यांना खरचटलं, एकाचा हात मोडला. मामांच्या कपाळाला खोक पडली होती. कोल्हापूरच्या दवाखान्यात ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या सदऱ्यावर दही सांडून वाळलं होतं. आत मावशीचा पाय गुडघ्याखाली कापत होते.

मावशीचा मुलगा नामदेव मामांच्या अंगावर धावून आला. "काय झालं काय तुमास्नी? त्या वळणावर तुमी रोज वळता! डोळं मिटून वळता!"

मामांनी तोंड उघडलं होतं. ते काहीतरी सांगणार होते, मी शपथेवर सांगते. पण त्यांच्या आधी सयाजी मधे आला.

"नामदेवदादा, आण्णास्नी हल्ली नीट दिसत न्हाई," तो म्हणाला. "मी कितीदा म्हनलं, डोळं तपासून घ्या. ऐकत न्हाईत."

मामांनी मान वर करून सयाजीकडं बघितलं. मीही बघितलं, कारण असं तो कधीच म्हणाला नव्हता. मामा अंधारात सुईत दोरा ओवायचे. मला वाटलं, बापाला मारातून वाचवायला पोरानं काहीतरी ठोकून दिलं. तेवढ्या गडबडीत मला त्याचं कौतुकसुद्धा वाटलं.

"व्हय," मामा म्हणाले. "डोळ्याफुडं अंधारी आली."

पोलिसांनाही त्यांनी तेच सांगितलं. गावात तर संध्याकाळच्या आत तेच पसरलं. "ज्ञानूला दिसत नव्हतं आन् माणसं भरत हुता." काल कप बघायला आलेले लोक आज दारावरून जाताना चाल वाढवत होते. एक बाई माझ्यादेखत म्हणाली, "माझी पोरगी त्याच्या गाडीतनं बाळंतपणाला गेलती, आठवलं की काटा येतोय." मामांनी हे ऐकलं. आत जाऊन त्यांनी खुंटीवरची डायव्हरची खाकी टोपी काढली आणि ट्रंकेत ठेवली.

दोन दिवसांनी ट्रॅक्टरनं ओढून जीप अंगणात आणून टाकली. पुढची डावी बाजू चेपलेली, मागून मात्र धड. सयाजी त्या दिवशी कोल्हापूरला गेला होता. स्पर्धेत जीप बघून एका गॅरेजवाल्यानं त्याला बोलावलं होतं.

दुपारी मी वैरण आणायला गोठ्यात गेले. भिंतीशी पोतं होतं. पाय लागला तर हललं नाही. मी पोत्याचं तोंड सोडलं. आत मामांचा गोळा होता, ग्रीस लावलेला, कापडात नीट गुंडाळलेला. बसवला की, माळावरच बसवला की. मी तशीच खाली बसले. मग उठले आणि जिपेकडं धावले.

मामा माझ्या आधीच तिथं होते.

त्यांनी मागं जॅक लावला होता. दोन्ही चाकं वर, खाली ठोकळे. ते ओल्या मातीत मांडी घालून बसले होते, कपाळाला पट्टी.

"ये," ते म्हणाले. "हे चाक फिरव."

मी डावं चाक धरलं. ते जड लागलं. मी जोर करून पुढं फिरवलं. वाकून बघायची गरजच नव्हती, मामांच्या हाताखालचं उजवं चाक त्याच्याबरोबर पुढं फिरत होतं.

"तुमाला कळलं हुतं?" मी विचारलं.

"ष्टँडावर गाडी वळवताना अडल्यागत झाली. म्हनलं, नवं टायर हायत, माती ओली हाय. उतरून बघाय पायजे हुतं, डायव्हरनं बघायचं असतंय." त्यांनी चाकावरचा चिखल नखानं खरवडला. "वळणाव मी स्टेरिंग पुरं कापलं, शालन. पुढची चाकं वळली. मागच्यांनी तिला सरळ ढकलली. माझ्या हातात नुसतं स्टेरिंग ऱ्हायलं."

"मग दवाखान्यात व्हय का म्हनला? अंधारी कुठली आली तुमास्नी? मी आत्ता जाते आन् चारचौघांत सांगते. गोळा पोत्यात हाय, दावते सगळ्यास्नी!"

"न्हाई सांगायचं."

"का?"

"त्यानं सांगायचं." मामा शांतपणे म्हणाले. "तुझ्या तोंडनं आलं तर ते तुझं झालं. मला त्याच्या तोंडनं पायजे. गावाला नगं सांगू दे, पोलिसाला नगं. मला एकट्याला सांगू दे. तेवढं केलं की बाकीचं मी फेडतो. डोळं तर डोळं."

"आन् त्यानं न्हाई सांगितलं तर?"

"जॅक असाच ठेवायचा. त्यो येईल, बघंल. बघितल्याव बोलंलच की. माझंच पोरगं हाय."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. सगळं गाव थुंकत असताना हा माणूस पोरानं आपल्याशेजारी येऊन बसावं, एवढ्याचीच वाट बघत होता. मला रडू आलं आणि रागही आला, सयाजीचा आला तेवढाच मामांचा आला.

सयाजी दिवेलागणीला आला. हातात पेढ्यांचा पुडा. मामा दाराजवळच्या कट्ट्यावर बसले होते आणि मी उंबऱ्यात. अंगणात येताच त्याची नजर जिपेवर गेली आणि तो थांबला.

उचललेली चाकं त्यानं बघितली. गाडीला वळसा घालून तो मागं गेला. चाकावर हात ठेवून त्यानं ते जरासं फिरवलं. दुसरं चाक फिरलं. त्यानं लगेच तळहातानं ते थांबवलं.

मग त्यानं मान वळवून कट्ट्याकडं बघितलं. मामा त्याच्याकडंच बघत होते. ते रागावलेले नव्हते, हे मी अगदी नीट बघितलं. ते कट्ट्यावर थोडे सरकले. शेजारी जागा केली.

सयाजीनं पुडा बोनेटवर ठेवला. खाली बसला. ठोकळे काढले, जॅक सोडला आणि जीप हळूहळू चाकांवर टेकली. जॅक उचलून तो गोठ्यात घेऊन गेला. बाहेर आला तेव्हा हात पुसत होता. मोरीत पाय धुतले, कट्ट्यावर आला, पण बसला नाही.

"आण्णा," तो म्हणाला, "डोळ्याच्या डॉक्टरकडं नंबर लावलाय मी. परवा जाऊया."

 मामांनी शेजारची मोकळी जागा हातानं झाडली, जणू तिथं धूळ होती.

"जाऊ," ते म्हणाले.

मी आत जाऊन ताट आदळलं. आमटी सांडली. सयाजी जेवायला बसला तेव्हा मी म्हणाले, "गोळा पोत्यातच हाय."

त्यानं घास मोडला. "आण्णा काय बोलले का?"

"न्हाई."

"मग तू कशाला उकरतीस? त्यानला कबूल हाय, झालं की. मला नोकरी लागलीया, पेढं खा."

ते पेढे मी म्हशीला घातले.

आता हायवेला सयाजीचं मोठं गॅरेज आहे. लांबून लांबून पोरं गाड्या उंच करून घ्यायला येतात. काचेच्या कपाटात तो कप आहे आणि मागच्या भिंतीवर हार घातलेल्या जिपेचा फोटो. रोज वापरायच्या गाडीचा गोळा बांधून द्या असं कुणी म्हणालं की सयाजी साफ नकार देतो. म्हणतो, रस्त्यावर वळणार नाही, माणसं मरतील. पोरं म्हणतात, पोवारशेट कामाला फार प्रामाणिक. मी त्याच गॅरेजच्या वर राहते. आम्ही एकमेकांशी लागेल तेवढंच बोलतो.

मामा पुन्हा स्टिअरिंगला बसले नाहीत. सगुणामावशी कुबड्या घेऊन फिरायला लागली तेव्हा बाजारच्या दिवशी तिचं दह्याचं मडकं डोक्यावर घेऊन मामा स्टँडपर्यंत जायचे. लोक हसायचे. मावशी त्यांना जाताना दर वेळी विचारायची, "आता दिसतंय न्हवं रं नीट?" ते म्हणायचे, "दिसतंय." ते गेले तेव्हासुद्धा दहाव्याला ओढ्यावर लोक तेच बोलत होते, माणूस सोन्यासारखा, पण वेळेवर गाडी सोडायला हवी होती. सयाजी मान हलवत होता.

पण मला आठवतो तो डोळ्यांचा दवाखाना. तपासताना डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू आहे, पण अगदी कोवळा, एवढी काही घाई नाही. सयाजी म्हणाला, ऑपरेशन करूनच टाका. दोस्त आले, फळं आली, बापाचे डोळे करणारा पोरगा म्हणून सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी सोडली, कापसानं डोळा पुसला आणि विचारलं, "काय आजोबा, दिसतंय का?"

मामांनी डोळे बारीक केले. समोर सयाजी उभा होता. त्याच्याकडं बघत ते म्हणाले, "दिसत तर आधीबी हुतं."

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी सयाजीकडं बघितलं.

"वय झालंय," सयाजी हसून म्हणाला. "कायबी बोलत्यात."